वाचन एकीकडे, प्रार्थना दुसरीकडे

पत्र: मी 36 वर्षांची आहे. नोकरी करते, घरी साडेचार वर्षांची मुलगी आहे. लहानपणापासून मंडळीत वाढले, देवावर विश्वास आहे. या वर्षी एक जानेवारीला ठरवलं की वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र वाचून काढायचं. मोबाईलवर वाचनाचं वेळापत्रक घेतलं. उत्पत्ती, निर्गम उत्साहात झालं, लेवीयमध्ये अडकले आणि आता 46 दिवसांची बाकी साठली आहे. मोबाईल रोज तो आकडा लाल अक्षरांत दाखवतो. वाचते तेव्हाही नुसते डोळे ओळींवरून फिरतात. अध्याय संपल्यावर काय वाचलं ते सांगता येत नाही. प्रार्थनेला डोळे मिटले की उद्याची कामं आठवतात, मग तीच ठरलेली चार वाक्यं म्हणून आमेन करते. प्रार्थनासभेत इतर बहिणी 'आज प्रभू माझ्याशी बोलला' असं सांगतात तेव्हा मी मान खाली घालते. माझ्याशी तो कधी बोललेला नाही. पहाटे चारला उठायला लागले तर फरक पडेल का? की माझ्या विश्वासातच खोट आहे? आणखी एक लहानशी गोष्ट. मी वाचायला बसले की मुलगी येऊन मांडीवर बसते. तिला उठवून लावताना वाईट वाटतं. काय करू?

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचून झाल्यावर पहिला प्रश्न मनात आला तो हा, की हे सगळं तुम्ही मला लिहिलंत, पण देवाला सांगितलंत का? वाचते पण आत शिरत नाही, तुझ्याशी बोलायला बसते आणि मन भलतीकडे जातं, तू माझ्याशी बोलत नाहीस. तुमच्या त्या ठरलेल्या चार वाक्यांपेक्षा ही कितीतरी खरी प्रार्थना आहे. फक्त ती माझ्या पत्त्यावर आली.

देवाशी असं बोलायचं नसतं असं वाटत असेल, तर 13वं स्तोत्र उघडा. सहाच वचनं आहेत. त्यातल्या पहिल्या दोन वचनांत दावीद चार वेळा एकच प्रश्न विचारतो: कुठवर? कुठवर मला विसरणार, कुठवर तोंड फिरवून राहणार? हे गाऱ्हाणं कुणी खोडून टाकलं नाही. वर 'मुख्य गवयासाठी' अशी नोंद करून ते उपासनेच्या गीतांत ठेवलं. दीडशे स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश स्तोत्रं अशी विलापाची आहेत, आणि 88वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा येत नाही. इतक्या जणांनी इतक्या वेळा 'तू कुठे आहेस' असं विचारलं आणि तरी ते देवाच्याच दारात उभे होते. तुमच्या विश्वासात खोट आहे का, याला माझं उत्तर हे आहे. अडचण मात्र खरी आहे, आणि माझ्या मते ती विश्वासात नसून तुमच्या बसण्याच्या पद्धतीत आहे.

आधी ती बाकी. संपूर्ण शास्त्रात 1189 अध्याय आहेत (कॅथलिक बायबलमध्ये पुस्तकं 66 ऐवजी 73, म्हणून अध्यायही जास्त). वर्षात ते पुरे करायचे तर रोज तीन-चार अध्याय होतात. तुमचे 46 दिवस म्हणजे जवळजवळ दीडशे अध्याय, म्हणजे आख्ख्या स्तोत्रसंहितेएवढं ओझं पाठीवर घेऊन तुम्ही रोज वाचायला बसता. अशा माणसाला समोरच्या वचनात काय आहे ते कसं दिसणार? त्याची नजर पुढच्या पानावर असते.

इस्राएल लोकांना अरण्यात मान्ना, म्हणजे देवाने रोज पाठवलेलं अन्न, मिळत होता, तेव्हा प्रत्येकाने त्या-त्या दिवसापुरता गोळा करायचा होता. उद्यासाठी साठवलेल्या मान्न्यात किडे पडले. शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी तेवढा दुप्पट गोळा करायची मोकळीक होती. हा भाग सगळ्यांना माहीत असतो. माझं लक्ष मात्र त्या गोष्टीत जे सांगितलेलंच नाही त्याकडे जातं. काल ज्याने गोळा केला नाही त्याने आज कालचाही भरून काढावा, अशी आज्ञा कुठेही नाही. सकाळ झाली की त्या दिवसाचा मान्ना पडलेला असे आणि तो उचलायचा. म्हणून ताई, ते वेळापत्रक आजच मोबाईलवरून काढून टाका. त्यात पाप नाही. ती बाकी देवाने तुमच्या नावावर लिहिलेली नाही.

वर्षभरात शास्त्र वाचण्याच्या मी विरुद्ध नाही. स्वतः दोनदा वाचलं आहे आणि पुन्हा वाचेन. पण असं वेळापत्रक ज्यांनी बनवलं त्यांनासुद्धा त्याचा धोका ठाऊक होता. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातले तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी 1842 मध्ये आपल्या मंडळीसाठी रोजच्या वाचनाचं एक वेळापत्रक तयार केलं. आजही जगभर लोक ते वापरतात. वेळापत्रकासोबत त्यांनी त्याचे धोकेही लिहून दिले: वाचन नुसता रिवाज होईल, ठरलेलं वाचून झालं की माणूस स्वतःवरच खूश होईल, घाईघाईत वाचेल, आणि काहींना ते न पेलणारं ओझं होईल. तुमच्या पत्रातलं जवळजवळ सगळं त्या पाळकांनी आधीच ओळखलं होतं.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही वाचन एकीकडे ठेवलं आहे आणि प्रार्थना दुसरीकडे. आधी अध्याय संपवायचे, पुस्तक मिटायचं, मग डोळे मिटायचे आणि आता देवाला काय सांगावं याचा शून्यापासून विचार करायचा. मन रिकामं आणि थकलेलं असतं, म्हणून ते उद्याच्या कामांकडे पळतं. असं कुणाचंही होईल. जॉर्ज म्यूलर यांचं झालं होतं. ब्रिस्टलमध्ये हजारो अनाथ मुलांचा सांभाळ करणारे आणि त्यासाठी लागणारी प्रत्येक गोष्ट देवाकडेच मागणारे म्हणून त्यांची ओळख आहे. प्रार्थना कुणाला जमत असेल तर त्यांना, असं आपल्याला वाटतं. पण 1841 मध्ये त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे की कित्येक वर्षं ते उठल्याबरोबर प्रार्थनेला बसत, आणि दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, कधी कधी अर्धा तास मन भटकण्यातच जाई. मग त्यांनी क्रम बदलला. आधी वचन उघडायचं, सावकाश वाचायचं, स्वतःच्या जिवाला त्यातून काय मिळतं ते पाहायचं. ते सांगतात की काही मिनिटांतच त्या वचनातून आभार किंवा पापकबुली किंवा मागणं आपोआप निघे. प्रार्थनेला बसलो असं न ठरवताही प्रार्थना सुरू झालेली असे.

ही काही त्यांची नवी युक्ती नव्हती. दानीएलाच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात नेमकं हेच घडतं. दुसऱ्या वचनात तो यिर्मयाचा ग्रंथ वाचतो आहे, सत्तर वर्षांचा उल्लेख त्याच्या ध्यानात येतो, आणि तिसऱ्या वचनात तो देवाकडे तोंड करून प्रार्थना करू लागलेला आहे. वाचन आणि प्रार्थना यांच्यात एका वचनाचंही अंतर नाही. समोरच्याने काही म्हटलं आणि आपण त्याला उत्तर दिलं, इतकं ते साधं आहे.

हे प्रत्यक्षात कसं करायचं ते एकदा सोबत करून पाहू. मार्कचं शुभवर्तमान घ्या. फक्त 16 अध्याय आहेत आणि येशूला चालताना, थकलेला, रागावलेला, कळवळलेला पाहायचं तर यापेक्षा बरी सुरुवात मला माहीत नाही. पहिल्या अध्यायातली 40 ते 45 ही सहा वचनं उघडा. एक कुष्ठरोगी येशूकडे येतो, गुडघे टेकतो आणि म्हणतो की तुमची इच्छा असेल तर तुम्ही मला शुद्ध करू शकता. एकदा वाचा. मग दुसऱ्यांदा, आणखी सावकाश. कुठे थांबावंसं वाटतं?

मी दर वेळी 'इच्छा असेल तर' या शब्दांपाशी थांबते. येशूच्या सामर्थ्याबद्दल त्या माणसाला शंका नाही. शंका आहे ती त्याला माझ्यासाठी काही करावंसं वाटेल का याची. तुमच्या पत्रातही तीच शंका मला दिसली. देव बोलतो हे तुम्हाला मान्य आहे. तो माझ्याशी बोलेल का, हा प्रश्न आहे. मग तिथेच थांबा आणि तेच म्हणा: "प्रभू, तू करू शकतोस हे मला ठाऊक आहे. तुला माझ्यासाठी करावंसं वाटतं का, ते मला ठाऊक नाही." एवढी प्रार्थना झाली. आता पुढचं वचन वाचा. येशू हात पुढे करतो, त्याला शिवतो, आणि मग म्हणतो, माझी इच्छा आहे.

शिवतो आधी, बोलतो नंतर. आणि इथे तुमचं लेवीय उपयोगी पडतं, जिथे तुम्ही अडकलात. त्या पुस्तकाचा 13वा अध्याय 59 वचनांचा आहे आणि बहुतेक सगळा त्वचेवरच्या डागांबद्दल. तो वाचताना कंटाळा आला असेल तर मला नवल वाटणार नाही. पण त्याच्या 45 आणि 46व्या वचनात लिहिलं आहे की अशा रोग्याने फाटके कपडे घालून, केस मोकळे सोडून, 'अशुद्ध, अशुद्ध' असं ओरडायचं आणि छावणीबाहेर एकटं राहायचं. म्हणजे मार्कमधल्या या माणसाला कुणी शिवून किती वर्षं झाली असतील! नुसत्या शब्दाने बरं करता आलं असतं, तरी येशूने आधी हात लावला. पुढे 44व्या वचनात तो त्याला याजकाकडे जाऊन मोशेने नेमलेलं अर्पण कर असं सांगतो. ते अर्पण कोणतं, हे लेवीयच्या 14व्या अध्यायात आहे. तुम्ही कंटाळून वाचलेली ती पानं वाया गेली नाहीत. ती इथे येऊन उघडतात.

या सहा वचनांत तुमची वीस मिनिटं सहज जातील. तेवढं एका दिवसाला पुष्कळ आहे. दुसऱ्या दिवशी पुढचा परिच्छेद. अध्याय संपलाच पाहिजे असं मनात आणू नका. अध्यायांची ही विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीची आहे, स्टीफन लँगटन यांच्या नावाने ती ओळखली जाते, आणि नव्या कराराला आजचे वचनांचे आकडे तर 1551 मध्ये पॅरिसच्या मुद्रकाने, रोबेर एतिएन याने, दिले. मार्कने लिहिताना ना अध्याय पाडले होते ना आकडे. प्रसंग जिथे पुरा होईल तिथे थांबा. हिशेब हवाच असेल तर इतका पुरे: नव्या करारात 260 अध्याय आहेत. पुढे कधी आठवड्याचे पाच दिवस रोज एक अध्याय वाचू लागलात तर बरोबर 52 आठवड्यांत तो पुरा होतो, आणि दर आठवड्याला दोन दिवस मोकळे उरतात.

डोळे फिरतात पण काही उरत नाही, असं लिहिलंत. यावर उपाय आहे आणि तो फार जुना आहे: मोठ्याने वाचा. पहिल्या स्तोत्रात जो माणूस नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करतो त्याला धन्य म्हटलं आहे. मनन म्हटलं की आपल्याला डोळे मिटून गप्प बसलेला माणूस दिसतो. पण तिथला मूळ हिब्रू शब्द 'हागा' आवाजाचा आहे. यशयाच्या पुस्तकात शिकार पकडून गुरगुरणाऱ्या सिंहासाठी तोच शब्द येतो (31व्या अध्यायात), आणि आजारी हिज्कीया पारव्यासारखा घुमतो असं म्हणतो तिथेही तोच (38व्या अध्यायात). म्हणजे पहिल्या स्तोत्रातला तो धन्य माणूस वचन ओठांवर घोळवत, पुटपुटत बसलेला आहे. प्रेषितांच्या कृत्यांत रथात बसलेला हबशी अधिकारी यशया वाचत होता ते फिलिप्पाला धावता धावता ऐकू आलं, कारण तो मोठ्याने वाचत होता. डोळ्यांना ओळी गाळण्याची सवय असते. जिभेला प्रत्येक शब्द उच्चारावाच लागतो आणि कानाला तो ऐकावा लागतो. एक आठवडा करून पाहा, फरक तुम्हालाच कळेल. आणि हातातल्या भाषांतराची मराठी जड वाटत असेल तर सोपं भाषांतर घ्यायला संकोच करू नका. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, आयुष्याची शेवटची वर्षं खर्चून शास्त्राचं मराठी भाषांतर केलं, ते साध्या, कमी शिकलेल्या बायकांनाही वचन समजावं म्हणून. न समजता वाचत राहण्यात भक्ती आहे असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

मन तरीही भटकेल. भटकू द्या, पण रिकाम्या हाताने परत आणू नका. उद्याचं काम आठवलं तर ते त्याच क्षणी देवापुढे ठेवा: "हे उद्याचं काम, याची मला भीती वाटते आहे." मग बोट पुन्हा त्याच ओळीवर. बहुतेक वेळा जे आठवतं तीच आपली खरी काळजी असते, आणि तिला प्रार्थनेबाहेर उभं करून आपण देवाला भलतंच काही सांगत बसतो. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांना त्यांच्या न्हाव्याने, पेटरने, प्रार्थना कशी करावी असं विचारलं होतं. त्याच्यासाठी त्यांनी 1535 मध्ये छापलेली एक छोटी पुस्तिका लिहिली. एवढा मोठा पंडित माणूस, पण न्हाव्याला त्याच्याच धंद्यातलं उदाहरण दिलं: चांगल्या न्हाव्याचं लक्ष वस्तऱ्यावर आणि केसांवर असतं, गप्पा मारत इकडे-तिकडे पाहू लागला तर तो गिऱ्हाइकाचं नाक कापेल. प्रत्येक वचनाला चार गोष्टी विचाराव्यात असं त्यांनी सुचवलं: यातून मी काय शिकते, कशाबद्दल आभार मानते, कोणती चूक कबूल करते, काय मागते. हे चार प्रश्न मला स्वतःला फार उपयोगी पडले आहेत, विशेषतः ज्या दिवशी डोकं चालत नाही त्या दिवशी. पण त्याच पुस्तिकेत त्यांनी हेही सांगितलं आहे की प्रार्थनेच्या मध्येच पवित्र आत्मा काही शिकवू लागला तर बाकीचं सगळं सोडून द्या आणि ऐका.

पहाटे चारचं विचारलंत. येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात गेला हे मार्क सांगतो, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी जमलं होतं हेही सांगतो. पण इसहाक संध्याकाळी शेतात मनन करायला गेला होता, दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे, आणि 63व्या स्तोत्राचा कवी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या देवाची आठवण काढतो. शास्त्राने घड्याळ लावून दिलेलं नाही. तुमची झोप आधीच अपुरी असणार, लहान मूल आणि नोकरी दोन्ही आहे. संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून 'आता मला मरू दे' म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला खाऊ घातलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. तो मंद, शांत आवाज त्यानंतर पुष्कळ दिवसांनी, होरेब डोंगरावर. तेव्हा झोप मोडू नका. दिवसातली अशी पंधरा-वीस मिनिटं शोधा जेव्हा तुमचं डोकं जागं असतं, आणि जागा शक्यतो तीच ठेवा. येशूने खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगितलं. आज मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवणं हे त्या दार लावण्यातच येतं असं मी धरते. म्हणून कागदाचं पुस्तक बरं.

आता त्या बहिणींबद्दल, ज्या म्हणतात की प्रभू माझ्याशी बोलला. त्यांच्यावर शंका घेऊ नका आणि स्वतःला कमीही समजू नका. शमुवेल परमेश्वराच्या मंदिरात झोपत असे, देवाच्या कोशापाशी. तरी देवाने हाक मारली तेव्हा तीन वेळा तो म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे, धावत गेला. आवाज येत होता, पण तो कोणाचा ते त्याला ओळखता येईना. त्या म्हाताऱ्या एलीने सांगितलं तेव्हा कळलं. मंडळीत तुमच्यापेक्षा वयाने मोठी अशी एखादी बाई पाहा जिचा स्वभाव तुम्हाला आवडतो. जी साक्ष देताना छान बोलते तीच असली पाहिजे असं नाही. महिन्यातून एकदा तिच्याजवळ बसा. या महिन्यात कोणत्या वचनापाशी थांबले, का थांबले, एवढंच तिला सांगा. तुम्हाला जे कळलं नाही ते तिला तुमच्या बोलण्यात दिसेल. मात्र डोळे मिटून पुस्तक उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आजचा संदेश मानायचा, असं करू नका. घाबरलेल्या माणसाला अशा वचनाने किती चुकीच्या वाटेला लावलं आहे ते मी जवळून पाहिलं आहे.

आणि जवळीक कधी जाणवते, याबद्दल मला एक सांगायचं आहे. येशू उठल्याच्या दिवशी दोन शिष्य अम्माऊसला निघाले होते, सुमारे सात मैलांची वाट. येशू त्यांच्याबरोबर चालत होता, मोशेपासून सर्व संदेष्ट्यांपर्यंत शास्त्र उलगडून सांगत होता, आणि त्यांनी त्याला ओळखलं नाही. सबंध वाटभर नाही. घरी पोचल्यावर, भाकर मोडताना ओळखलं, आणि तो दिसेनासा झाला. तेव्हा कुठे ते एकमेकांना म्हणाले की वाटेत तो बोलत होता तेव्हा आपलं अंतःकरण आतून पेटलं नव्हतं का? पेटलं होतं तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मागे वळून पाहिल्यावर आलं.

माझी आई शेवटच्या आजारात होती तेव्हाचे पाच महिने मी असंच काहीसं पाहिलं. रात्री तिच्या उशाशी बसून मी फक्त 130वं स्तोत्र वाचू शके. आठ वचनं. दुसरं काही उघडायची ताकदच नव्हती. पहारेकरी पहाटेची वाट पाहतात त्याहून अधिक माझा जीव प्रभूची वाट पाहतो, हे तिथे लागोपाठ दोनदा लिहिलेलं आहे. मी ते दोनदा म्हणे आणि गप्प बसे. काही जाणवत नव्हतं. देव खोलीत आहे असं एकाही रात्री वाटलं नाही, आणि त्याबद्दल मला स्वतःचा रागही यायचा. आई गेल्यावर दोन-तीन वर्षांनी एका शेजारणीच्या घरी असाच प्रसंग आला. रात्रभर तिच्याजवळ बसले होते. तिने काहीतरी बोल म्हटलं, आणि माझ्या तोंडून ते आख्खं स्तोत्र आलं, एकही शब्द न चुकता, आणि म्हणता म्हणता मला रडू कोसळलं. त्या पाच महिन्यांत मी एकटी नव्हते, हे त्या रात्री कळलं. आता तुम्ही ज्या काळातून जात आहात त्याबद्दल मी काही भाकीत करणार नाही. पण काही जाणवत नाही म्हणून काही घडत नाही, असं मी त्यानंतर कधी म्हटलेलं नाही.

एक वही ठेवा. रोज तारीख आणि एक ओळ: कुठे थांबले, काय म्हटलं. ज्या दिवशी राहून गेलं ती तारीख सरळ सोडून द्या, लाल खूण करू नका. तीन महिन्यांनी मागची पानं चाळा.

आणखी एक गोष्ट, तुम्ही विचारली नाहीत तरी सांगते. कधी कधी प्रार्थना अडते ती लक्ष नसल्यामुळे नव्हे. वाचताना एखादं वचन बोट दाखवतं, अमुक माणसाशी बोलणं बंद केलं आहेस, तमुकचं देणं राहिलं आहे, आणि आपण घाईने पुढची ओळ वाचतो. मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. असं एखादं वचन लागलं तर त्या दिवशी पुढे वाचू नका. पुस्तक मिटा आणि फोन उचला. योहानाच्या 14व्या अध्यायात जवळीकीचं वचन दिलं आहे, आम्ही येऊन त्याच्याबरोबर वस्ती करू, आणि ते दिलं आहे येशूचं वचन पाळणाऱ्याला. तुमच्या बाबतीत असं काही आहे का ते मला माहीत नाही. नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

राहता राहिली मुलगी. तिला उठवू नका. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात ही वचनं मुलांच्या मनावर बिंबवायला सांगितली आहेत ती घरात बसताना, वाटेने चालताना, झोपताना, उठताना. शांत खोलीची अट त्यात कुठेच नाही. आणि तुम्हाला नाही तरी मोठ्याने वाचायचंच आहे. तेव्हा उद्या ती मांडीवर येऊन बसली की मार्क उघडा, त्या कुष्ठरोग्याच्या गोष्टीपासून सुरुवात करा, आणि येशूने हात पुढे केला तिथे थांबून तिला विचारा, त्याने आधी हात का लावला असेल? ती जे सांगेल ते वहीत लिहून ठेवा, आणि जमलं तर मलाही कळवा.

तुमची बहीण